२१ महिने घरी आहे. "सध्या काय करता?" याला तुम्ही काय उत्तर देता?

गेजवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इथे आठ-नऊ वर्षं वाचनमात्र आहे, लिहायची ही पहिलीच वेळ. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

वय ४७. डिप्लोमा मेकॅनिकल, १९९८ चा पास आउट. तेव्हापासून नोकरीत, त्यातली शेवटची १४ वर्षं भोसरीत एकाच कंपनीत, गाड्यांचे शीटमेटलचे पार्ट, मोठं प्रेस शॉप. क्वालिटी मॅनेजर होतो. जानेवारी २०२४ मध्ये प्लांट दुसऱ्या राज्यात हलवला. आम्हा अकरा जणांना एकेक करून केबिनमध्ये बोलावलं आणि राजीनामा लिहून द्या, तीन महिन्यांचा पगार जास्त देतो, असं सांगितलं. अकराच्या अकरा जणांनी लिहून दिला. बाहेर येऊन चहा प्यायलो, आणि त्या चहाचे पैसे कोणी द्यायचे यावरून नेहमीसारखी ओढाताण झाली. तेव्हा वाटलं होतं दोन-तीन महिन्यांत कुठेतरी लागू. चाकण आहे, रांजणगाव आहे, आपल्याला कोण नाही म्हणतंय.

क्वालिटीचा माणूस असल्याने नोंद ठेवायची खोड. २०० पानी वहीत सगळं आहे. आजपर्यंत अर्ज ६४३. फोन आले ३१. मुलाखती ९. दुसऱ्या फेरीपर्यंत ३. हाच रिजेक्शनचा आकडा पीपीएममध्ये (दहा लाखांत किती खराब) काढला तर कस्टमरने माझी लाइन केव्हाच बंद केली असती.

नववी मुलाखत मागच्या महिन्यात चाकणला. समोरचा मुलगा २८-२९ चा असेल, बोलायला नम्र. त्याच्या टेबलावर कागदांवर एक पत्र्याचा ब्रॅकेट ठेवलेला. बोलता बोलता माझा हात आपोआप तिकडे गेला, अंगठा कडेवरून फिरवला आणि तोंडातून निघालं, "बर्र आहे." (बर्र म्हणजे कापलेल्या पत्र्याच्या कडेला राहिलेली खरखरीत धार.) तो म्हणाला, "सर, तो पेपरवेट आहे." आम्ही दोघेही हसलो. मग त्याने विचारलं, "सर, हा जवळजवळ दोन वर्षांचा गॅप कशाचा?" त्याला प्लांट हलवल्याचं सांगितलं. "ते जानेवारीचं झालं सर. त्यानंतर?"

त्यानंतर काय, हेच मला सांगता येत नाही. म्हणजे सांगण्यासारखं काही नाही असं नाही. वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं, घर रंगवलं, सहा महिने एका मित्राच्या दुकानाचा हिशेब पाहिला. पण हे सगळं सांगताना माझा आवाज मलाच खोटा वाटतो.

ऑगस्टमध्ये मुलीचा कॉलेजचा फॉर्म भरत होतो. "वडिलांचा व्यवसाय" या रकान्यापाशी ती थांबली. मी काही बोलायच्या आत तिने 'नोकरी' लिहिलं आणि पुढचा रकाना भरायला घेतला. आम्ही दोघांनीही तो विषय परत काढला नाही.

बायको पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, तिच्या पगारात किराणा आणि वीजबिल भागतं. घराचा हप्ता १९,४००, तो पीएफमधून चाललाय. आणखी सात महिने पुरेल.

मला 'धीर धरा' नकोय. ज्यांनी वर्षाच्या वर घरी काढलंय त्यांनी सांगा: तुम्ही काय उत्तर देत होतात, आणि शेवटी काम कसं मिळालं?

बिनधास्त_बंड्या

काका, आपल्या मराठी माणसाचं हेच चुकतं. नोकरी, नोकरी, नोकरी. वडापावची गाडी टाका! कष्टाची लाज कसली? आमच्या इथला एक जण महिन्याला लाख कमावतो. ६४३ अर्ज करण्यात जेवढा वेळ घालवलात तेवढ्यात दोन गाड्या झाल्या असत्या.

चटणीवाला

बंड्याभाऊ, १४ महिने गाडी चालवली आहे म्हणून लिहितो. आमचा वडापाव १५ रुपयांचा. बऱ्या दिवशी १८० जायचे, म्हणजे गल्ला २,७००. त्यातून पाव ५४०. बटाटे, बेसन, तेल मिळून साडेनऊशे. गॅस दीडशे. हाताखालचा पोरगा साडेचारशे. ज्या दुकानापुढे उभे राहायचो त्याला रोजचे शंभर. उरले पाचशे दहा, तेही पहाटे साडेचारला उठून, बायको घरी बटाटे सोलणार ते धरून. तिची मजुरी मी कधी लावलीच नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

कायद्याने २०१४ पासून पथविक्रेत्याला प्रमाणपत्र मिळायला हवं. ते नसेल तर अतिक्रमणवाले एकदा गाडी उचलून नेतात आणि महिन्याची कमाई सोडवून आणण्यात जाते. माझी दोनदा नेली.

लाख कमावणारा असेलही. तो वीस वर्षं त्याच कोपऱ्यावर आहे. कामाची लाज मला कधीच नव्हती, पण जो उठतो तो दुसऱ्याला गाडी टाकायला सांगतो, त्याचा मात्र राग येतो.

सुमी_नाशिक

+१ चटणीवाला.

एचआरवाली

कडू वाटेल, पण विचारलंय म्हणून लिहिते. १३ वर्षं भरतीत आहे, त्यातली नऊ ऑटो कंपोनंटमध्ये.

एका जागेला तीनशे-चारशे रिझ्यूमे येतात. ते कोणी वाचत नाही, चाळणी लावतात. पहिली चाळणी लोकेशन, दुसरी शेवटचा पगार, तिसरी 'लगेच जॉइन होणार का'. तुम्ही तिन्हींत बसता. मग यादी खाली येते आणि मॅनेजर मला विचारतो, "हा दोन वर्षं घरी का? कोणीच का नाही घेतला?" दुसऱ्यांनी घेतलं नाही म्हणून आपण घ्यायचं नाही, एवढंच त्याचं लॉजिक. तुमच्यात खोट आहे का, हे कोणी तपासतच नाही. आणि ४५ च्या पुढच्या माणसाबद्दल कोणी लेखी काही देत नाही, फक्त "जरा एनर्जेटिक बघा" म्हणतात.

दुसरं, तुमच्या पातळीच्या किती जागा मी पोर्टलवरून भरल्या? मागच्या दोन वर्षांत एक. बाकी सगळ्या प्लांट हेडने नाव सांगून भरल्या. म्हणजे ६४३ अर्ज तुम्ही ज्या दाराशी केलेत तिथून आत फारसं कोणी येतच नाही. वही बदला. अर्जांच्या ऐवजी माणसांची यादी करा: जुने कस्टमर, व्हेंडर, ऑडिटर, टूलरूमवाले. रोज दोघांना फोन. आणि "काही असेल तर सांगा" असं मोघम नको, "तुमच्याकडे कस्टमर ऑडिट कधी आहे?" असं विचारा.

मित्राच्या दुकानाचा हिशेब सांगताना आवाज खोटा वाटतो, कारण तुम्ही तो माफी मागितल्यासारखा सांगत असणार.

रोखठोक

एवढं कशाला? माझ्या मेहुण्याची फर्म आहे, दोन वर्षांचं एक्सपिरियन्स लेटर करून देऊ. सगळेच करतात. विपु (विचारपूस) करा.

एचआरवाली

@रोखठोक, सगळे करतात आणि त्यातले बरेच पकडले जातात. आता यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, मागतात. कुठल्या कंपनीने कोणत्या महिन्यात पीएफ भरला, ते सगळं तिथे दिसतं. तुमच्या मेहुण्याने पीएफ भरलाय का? नाही ना. मग बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये जॉइन झाल्यावर दोन महिन्यांनी काढतील, आणि या वेळी कारण खरोखर लाजेचं असेल.

पीएफमास्तर

हप्त्याला पीएफ लावलाय हे वाचून पोटात गोळा आला. झालं ते झालं. पण तीन गोष्टी तपासा, गेजवाले साहेब.

एक, ग्रॅच्युइटी. शेवटचा बेसिक अधिक डीए, गुणिले १५, गुणिले वर्षं, भागिले २६. पाच वर्षं सलग झालेल्या माणसाने राजीनामा दिला तरी ती मिळते, आणि कंपनीने तीस दिवसांत द्यायची असते. ते 'जास्तीचे तीन महिने' म्हणून जे दिलं ते खरंच जास्तीचं होतं की तुमच्याच ग्रॅच्युइटीतून, हे हिशेबाच्या कागदावर बघा. असे प्रकार पाहिलेत मी.

दोन, पेन्शन. तुमची सेवा दहा वर्षांच्या वर आहे, त्यामुळे ती रक्कम एकदम काढता येत नाही, ५८ व्या वर्षी पेन्शन सुरू होतं. ५० पासून घेता येतं, पण दर वर्षामागे चार टक्के कापून, आणि ते कापलेलं कायमचं. पन्नाशीला घाईने अर्ज करू नका.

तीन, ग्रुप मेडिक्लेम नोकरीबरोबर संपला असणार. नवीन घेतला का? वडिलांचा मोतीबिंदू खिशातून केला असेल तर उत्तर कळलंच.

इथे वाचणाऱ्या कमी पगाराच्या मंडळींसाठी: ईएसआयमध्ये (कामगार राज्य विमा) असाल आणि नोकरी गेली असेल तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत ९० दिवसांपर्यंत सरासरी रोजच्या पगाराच्या निम्मी रक्कम मिळू शकते, आयुष्यात एकदाच. मुदत वाढवत वाढवत चालणारी योजना आहे, आपल्या शाखा कार्यालयात विचारून घ्या. गेजवाले साहेबांचा पगार ईएसआयच्या मर्यादेवरचा, त्यांना ती लागू नाही. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षणाला वयाची अट ३५. सत्तेचाळिशीतला माणूस सगळ्या योजनांच्या मधल्या फटीत पडतो.

अनामिका_ठाणे

मी दुसऱ्या बाजूची. माझा नवरा २६ महिने घरी होता.

लोक सांगतात बायकोने समजून घ्यावं. घेतलं. पण समजून घेण्याचाही एक आवाज असतो. मी कपाट हळू लावायला लागले, सासूबाईंशी फोनवर बोलायला गॅलरीत जायला लागले, भाजी घेताना 'ह्यांना आवडते' म्हणून पाव किलो जास्त घ्यायला लागले. एक दिवस तो म्हणाला, "तू माझ्याशी आजारी माणसासारखी वागतेस." त्यानंतर आम्ही कडकडून भांडलो, आणि खरं सांगते, घरात बरं वाटलं.

आणखी एक. तो दिवसभर घरी, तरी संध्याकाळी मी आल्यावर कुकर मीच लावायचा, हे पहिलं वर्षभर चाललं. काम नाही हे मान्य करायचं नाही म्हणून घरचं कामही हातात घ्यायचं नाही, असं काहीतरी होतं ते. तुमच्या घरी काय आहे माहीत नाही, दादा, विचारत नाही. फक्त बघा.

करिअरब्रेकवाली

अवांतर: मी सात वर्षं घरी होते. मला कोणी बेरोजगार म्हटलं नाही. "मुलं लहान आहेत ना" म्हणाले. परत अर्ज केले तेव्हा मात्र गॅप तोच आणि प्रश्नही तेच. चालू द्या.

गिरणगावचा

धागा वाचून राहवलं नाही. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावरचे कामगार. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत होतो. अडीच लाखांच्या आसपास कामगार. आज-उद्या मिटेल, डॉक्टर सामंत मिटवतील, असं चाळीत रोज बोललं जायचं. तो संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही. म्हणजे तांत्रिक अर्थाने माझे वडील संपावर असतानाच वारले, २००७ साली.

आईची खानावळ होती, सोळा गडी जेवायचे. संपात त्यांच्याकडेही पैसे नाहीत. आईने जेवण बंद केलं नाही, उधारीची वही घातली. त्या वहीतले निम्मे जण गावी गेले ते परत आलेच नाहीत. कोकणातून एकाने आठ वर्षांनी पोस्टाने मनीऑर्डर पाठवली, ११० रुपये. आईने ती फिरवली नाही, घेतली. म्हणाली, त्याला देऊन मोकळं व्हायचंय, होऊ दे.

वडिलांना कोणी विचारलं काय करता, तर ते शेवटपर्यंत "गिरणीत" म्हणायचे. भाजी विकत होते तेव्हाही, वॉचमन होते तेव्हाही. लहानपणी मला ते खोटं वाटायचं. तुमच्या मुलीने 'नोकरी' लिहिलं ते वाचून आठवलं.

पेठेतला_भाडेकरू

वय ३१. सदाशिव पेठेत सातवं वर्ष. दोनदा मुख्य परीक्षा, एकदा मुलाखत, नऊ मार्कांनी गेलं. राज्यसेवा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, म्हणजे आधीच्या सरावाचं निम्मं पाणी. वयोमर्यादा खुल्याला ३८, त्यामुळे घरी सांगायला अजून सात वर्षं आहेत. हीच तर गोची आहे. मर्यादा कमी असती तर कधीच परत गेलो असतो.

आम्हालाही बेरोजगार म्हणत नाहीत. 'अभ्यास करतोय' म्हणतात. गावी लग्नाला जाणं बंद केलंय. आई फोनवर विचारते जेवलास का. तिला विचारायचं असतं ते दुसरंच.

काका, तुमच्याकडे हातात काहीतरी आहे. पत्र्याला अंगठा लावून तुम्हाला कळतं. माझ्याकडे पंचायत राजच्या समित्यांची नावं आहेत.

अर्थातच

एक गंमत. रोजगाराच्या सरकारी पाहणीत चालू साप्ताहिक स्थितीची व्याख्या अशी की मागच्या सात दिवसांत कुठल्याही एका दिवशी तासभर काम केलं असेल तर तुम्ही रोजगारात. मित्राच्या दुकानात हिशेब पाहत होतात ते सहा महिने तुम्ही बेरोजगार नव्हताच! मुलीने फॉर्ममध्ये बरोबरच लिहिलं म्हणायचं.

वाचनवेडा

१९३०च्या सुमारास ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळच्या मारिएंथाल गावातली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. अभ्यासक तिथे राहून माणसं मोजत बसले. खिडकीतून बघायचे, कोण किती वेगाने चालतो, किती वेळा थांबतो. पुरुष हळू चालायचे, बायका भरभर, कारण बायकांना चूल होती. कित्येक पुरुषांनी घड्याळ वापरायचं सोडलं होतं. वेळ भरपूर, तरी वाचनालयातून पुस्तकं जाणं कमी झालं. मला बेकारीत हाच अनुभव आला, दहा महिन्यांत एक कादंबरी पुरी झाली नाही. लोकांना वाटतं, घरीच आहे, वाचत असेल.

स्टुटगार्टकर

इथे जर्मनीत नोकरी गेली की निव्वळ पगाराच्या ६० टक्के, मूल असेल तर ६७ टक्के भत्ता मिळतो, साधारण वर्षभर. हप्ता भागतो. पण ऑटोतली नोकरी गेलेला माझा शेजारी सकाळी कचरा टाकायला सुद्धा इस्त्रीचा शर्ट घालून उतरतो. एवढंच सांगायचं होतं.

सुमी_नाशिक

सगळ्यांना सावध करते. माझ्या भावाला "एअरपोर्टवर ग्राउंड स्टाफ, निवड झाली" असा मेल आला. आधी रजिस्ट्रेशनचे २,५००, मग युनिफॉर्मचे ४,८००, मग 'परत मिळणारं' डिपॉझिट १२,०००. तिसऱ्या वेळी मला कळलं. त्याला फसवणूक कळत नव्हती असं नाही. म्हणाला, "ताई, दीड वर्षात 'निवड झाली' असं कोणी म्हटलंच नव्हतं गं." पैसे गेले की ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येते. आम्ही नऊ दिवसांनी केला.

गेजवाला

सगळ्यांचे आभार. रात्री दोनदा वाचलं.

@पीएफमास्तर, कागद काढला. ग्रॅच्युइटी वेगळी धरली आहे, पण १४ ऐवजी १३ वर्षांची. शेवटच्या वर्षातले अकरा महिने धरलेलेच नाहीत. क्वालिटीवाला असून स्वतःच्या कागदाचं इन्स्पेक्शन केलं नाही.

@अनामिका_ठाणे, कुकर. काही बोलत नाही. आज लावला.

@एचआरवाली, यादी केली. ८७ नावं झाली. पण फोन हातात घेतला की बोट पुढे जात नाही. यातल्या निम्म्या व्हेंडरांचे लॉट मी परत पाठवलेत, एकाला तर गेटवरून. त्याला कोणत्या तोंडाने विचारू?

पीएफमास्तर

सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. लेखी मागा, पोच घ्या. नाही दिलं तर नियंत्रक अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, कामगार आयुक्त कार्यालयात चौकशी करा.

एचआरवाली

ज्याला गेटवरून परत पाठवलंत त्यालाच पहिला करा. तुम्ही काम कसं करता हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार?

गेजवाला (पाच आठवड्यांनी)

धागा वर काढतोय, माफ करा. काहींनी विपुत विचारलं होतं.

फोन केले ३४. त्यातले अकरा "बघतो" वाले. चौघांनी उचलला नाही. एक जण रडला, त्याचीही गेली आहे. गेटवरून ज्याला परत पाठवलं होतं तो तळवड्याचा, छोटं शॉप, सहा प्रेस, वीस-बावीस माणसं. फोनवर पहिलं वाक्य, "साहेब, अजून चिडलाय का?" दुसरं, "जानेवारीत आयएटीएफचं ऑडिट आहे आणि माझ्याकडे एक कागद धड नाही." (आयएटीएफ म्हणजे गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्यांसाठीचं क्वालिटीचं मानक.)

आठवड्यातून तीन दिवस जातो. रोजचे १,४००. नोकरी नाही, पीएफ नाही, ऑडिटनंतर काय ते माहीत नाही. हप्ता याने पुरा निघत नाही. अर्ज चालूच आहेत, वहीत ६७१ झाले. ग्रॅच्युइटीच्या फरकाचं पत्र दिलंय, पोच मिळाली, उत्तर नाही.

पहिल्या दिवशीचं सांगतो. २२ महिने माळ्यावर ठेवलेले सेफ्टी शूज काढले, पुसले, घातले. तळवड्याला गेटवर रजिस्टरमध्ये सही करेपर्यंत ठीक. शॉप फ्लोअरवर दहा पावलं गेलो आणि डाव्या बुटाचा सोल चपातीसारखा सुटून मागे राहिला. मग उजव्याचाही तुकडा पडला. ऑपरेटर पोरं बघतायत आणि मी हातात सोल घेऊन उभा. मालक धावत आला, म्हणाला, "साहेब, आल्या आल्या रिजेक्शन?"

चटणीवाला

😂 पीयूचा सोल असणार. न वापरता ठेवला की हवेतल्या ओलीने भुगा होतो. रोज घातला असता तर चार वर्षं गेला असता.

अनामिका_ठाणे

मग त्या दिवशी काय घातलंत?

गेजवाला

मालकाचे. एक नंबर मोठे होते. संध्याकाळी भोसरीतून नवे घेतले, ८५० ला.

पीएफमास्तर

बिल ठेवलंत ना? पहिल्या महिन्याच्या बिलात लावा.